दोन फॉर्मांची जुळवणी

ऑगस्टमध्ये कूलर कोणी विकत घेत नाही.

*

कूलरच्या ताटीत भरतात ते गवत नसतं. लाकडाचा तासून काढलेला कीस असतो तो. पहिलं पाणी पडलं की वास फार छान येतो. भरणाऱ्याच्या बोटांत मात्र त्याची कुसळं राहून जातात.

*

नागपूरला एका महिला वसतिगृहाच्या दारावर पाटी होती: खोलीत स्वयंपाक, पाहुणे, मुले व पाळीव प्राणी यांस सक्त मनाई.

*

आईचं अक्षर इतकं देखणं होतं की लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं टाकायला लोक तिच्याकडे यायचे. ज्या लग्नांना आम्हाला बोलावणं नसे, त्यांचीही पाकिटं ती तितक्याच मन लावून लिहायची.

*

एप्रिलमध्ये अकोल्याचं डांबर मऊ होतं आणि चप्पल रस्त्याला चिकटते. शेजारचे सूर्याला शिव्या द्यायचे. आमच्या घरात त्याला कोणी शिवी देत नसे.

*

रकाना: पक्षकारांचे परस्परांशी नाते.

*

रविवारी दुपारी बाबा मामाच्या घरी आले. हातात पिशवी, पिशवीत जिलबीचा पुडा, आणि पाकानं एका कोपऱ्यात चिकट झालेले कागद. दिगंबरमामा बनियनवर पेपर वाचत बसला होता.

“या जवाईबुवा,” मामा म्हणाला. “कोर्टाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे ना? की कोर्टच इकडं आणलं?”

“ज्योत्स्नाकडे काम होतं,” बाबा म्हणाले.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मे महिन्यापासून ती आणि मी इथंच होतो. जुलैत तिनं पोटगीचा दावा लावला होता, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी. बाबांनी कागद तिच्यासमोर धरले.

“वकिलानं देल्ले. कमाई किती, मालमत्ता काय, खर्च काय, सारं लिवून मागतलं. पेन्सिलीनं भरून आणा म्हणे, मंग टाइप करून नोटरी करू. भरून दे.”

आईनं कागद उलटसुलट करून पाहिले. “हा तुमचा फॉर्म आहे.”

“हाव.”

“म्हणजे माझ्याविरुद्धचा.”

“हाव ना. पण मी कसा भरू? मले काय समजते त्यातलं?”

मामानं पेपर मांडीवर आपटला. “घ्या! दावा हिनं लावला, अन् जबाबही हिनंच लिहून द्यायचा! छाया, ये बाहेर, पाहा ही गंमत.”

छायामामी दारात येऊन उभी राहिली. आईचं तिकडं लक्ष नव्हतं.

“पेन्सिल आणली का?” तिनं बाबांना विचारलं.

“नाही.”

“कधी आणलीय! वृषाली, तुझी कंपासपेटी दे.”

हे मामाला विचित्र वाटलं, मला नाही. आमच्या घरी बाबांच्या कूलरच्या दुकानाचं लायसन्स, विजेचं मीटर, बँकेच्या स्लिपा, आजीच्या मृत्यूचा दाखला, सगळं आईच लिहायची. ती जिथं बारीक फुली मारील तिथं बाबा सही करायचे. वाचत नसत. आणि दरवर्षी मार्चअखेर दोघं फरशीवर फतकल घालून जुळवणीला बसायची. दोन वह्या, एक खरी आणि एक दाखवायची. आई एक एक रक्कम वाचायची, बाबा उत्तर द्यायचे, आणि जे जुळत नसे ते जुळवून टाकलं जाई. करसल्लागार म्हणायचा, बोचऱ्यांसारखे स्वच्छ कागद अख्ख्या डाबकी रोडवर कोणाचे नाहीत. खोडरबर माझ्याकडे असायचं. त्या रात्री दोघं भांडत नसत.

म्हणून त्या दुपारी ती दोघं मामाच्या फरशीवर तशीच समोरासमोर बसली, तेव्हा मला वाटलं, झालं. मला घरी जायचं होतं. दुसरं काही नको होतं. मामाकडे मी ओट्याखाली डोकं घालून झोपायची आणि पहाटे मामीचा पाय लागला की उठायची. डाबकी रोडला माझी स्वतःची खिडकी होती.

रकाना: मासिक उत्पन्न.

“शून्य लिव,” बाबा म्हणाले.

“शून्य?”

“ऑगस्ट आहे. या महिन्यात एक कूलर गेला असल तर दाखव.”

“मासिक म्हणजे वर्षाची सरासरी.”

“असं लिवलं हाये का तिथं?”

“नाही लिहिलं.”

“मंग?”

आई उठली आणि कपाटातून पेन्सिलीनंच भरलेला स्वतःचा फॉर्म घेऊन आली. तिनं तो बाबांच्या फॉर्मला लागून ठेवला, कडेला कड.

“माझ्यात तुमचे पंधरा हजार लिहिलेत.”

“पंधरा! कोण्या बोचऱ्याचे?”

“तुमचेच. तेल्हाऱ्याचे बिनबिलाचे नगदी धरून.”

“तेल्हाऱ्याचेही धरले तुनं?”

“मीच लिहून ठेवत होते ना.”

बाबा रागावले नाहीत. त्यांनी तिच्या फॉर्मवर वाकून आकडा पाहिला. नव्या कूलरची मोटर पहिल्यांदा फिरली की पाहायचे तसे. “बरोबर धरले,” ते म्हणाले. “पण माझे शून्य अन् तुझे पंधरा, हे जुळल कसं? साहेब म्हणल, दोघांतलं एक खोटं आहे.”

“दोन्ही खोटं आहे,” आई म्हणाली, आणि दोघं हसली. खरंच हसली. मी खोडरबर घट्ट धरून होते.

“सात लिहा,” आई म्हणाली.

“पाच.”

“पाच म्हटलं तर साहेब विचारतील, मग गोडाऊनचं भाडं कुठून देता?”

“हे बी खरं हाये. लिव सात.”

आईनं हात पुढं केला, मी खोडरबर दिलं. तिनं आपल्या कागदावरचे पंधरा पुसले, भुकटी फुंकली, आणि दोन्हीकडे सात लिहिले.

“ज्योत्स्ना!” मामा ओरडला. “अगं, तू स्वतःचीच पोटगी कमी करून राहिली!”

“दादा, जुळलं पाहिजे ना,” आई म्हणाली. मामानं कपाळाला हात लावला.

रकाना: पत्नीची शैक्षणिक पात्रता व कमावण्याची क्षमता.

“बी.कॉम.,” बाबा म्हणाले. “कमावू शकते.”

“कॉम्प्युटरवर हिशेब येतो, तेही लिहू?”

“येते का तुले?”

“मे महिन्यात क्लास लावला.”

“मंग लिव. चांगलं जोरात लिव.”

रकाना: विभक्त राहण्याचे कारण.

बाबांनी छताकडे पाहिलं. “पत्नी उद्धट.”

आईनं लिहिलं. “पुढं?”

“माहेरच्याचं ऐकते.”

मामाचा पेपर जरा खाली आला.

“संशयी लिहू का? वकिलांना लागतं ते.”

“लिव. अन् तुझ्यात काय हाये?”

आईनं वाचून दाखवलं. तिचा वाचतानाचा आवाज वेगळाच होता, शाळेतल्या बाईंसारखा. “दिनांक अमुक रोजी जाब देणार यांनी दुकानात गिऱ्हाईकासमोर पाण्याचा पंप फेकून मारला.”

“मारला नाही. फेकला.”

“माझ्या दिशेनं फेकला.”

“पण लागला कुठं? घासून गेला.”

“कानाला टाके पडले.”

“लागला असता तर डोकं फुटलं असतं. म्हणून म्हणून राहिलो, घासून.”

आईनं विचार केला. तेल्हाऱ्याच्या एखाद्या रकमेवर करायची तितकाच. “‘कानास घासून गेला व टाके पडले’, असं करते.”

“हाव, हे चालते.” बाबांनी तिच्या कानाकडे पाहिलं. “गाठ गेली का?”

“आहे थोडी.”

मी आत जाऊन कोणी न सांगता चहा टाकला. मामी पाठीमागून म्हणाली, “दूध कमी घाल, संध्याकाळचं आहे ते.” मी कमी घातलं. कप नेऊन दिले, तेव्हा बाबांनी एक घोट घेऊन म्हटलं, “वा! माय शिकली चहा.” आईनं कप कागदांपासून दूर सरकवला. पेन्सिलीच्या आवाजात, डोकी जवळ आणून ती दोघं पुटपुटत होती. मी पुन्हा आत गेले, दोरीवरचे माझे कपडे काढले, घड्या घातल्या आणि दप्तराच्या बाजूला ठेवून दिले.

परत आले तेव्हा ती दोघं फॉर्मात माझ्यापर्यंत पोहोचली होती.

रकाना: अपत्यावरील मासिक खर्च. शिक्षण. प्रवास. आहार. औषधोपचार. इतर.

“रिक्षा कायले?” बाबा विचारत होते. “शाळा इथून जवळ हाये.”

“जवळ कुठं? रेल्वे फाटक ओलांडावं लागतं.”

“मी चालत जाईन,” मी म्हटलं.

दोघांनी वर पाहिलं. आईनं रिक्षाचा आकडा पुसला.

“दूध,” बाबा म्हणाले. “हे कायले लिवलं तुनं दूध?”

“वाढत्या वयाची आहे.”

“पेतेस का गं तू दूध?”

“मला नाही आवडत,” मी म्हटलं. मला आवडायचं.

“शिकवणी?”

“नको. मला गणित येतं.”

“कपडे?”

“आत्तेबहिणीचे होतात मला.”

मला वाटत होतं, मी जितकी कमी होईन तितकं त्यांना सोपं जाईल. जुळेल लवकर. बाबांनी माझ्या गालावर बोट मारलं. “पाहा. पोरगी समजदार हाये आपली.” आपली, असं म्हणाले ते. मी आईकडे पाहिलं. ती बेरीज करत होती. बेरीज इतकी लहान आली की तिनं ती पुन्हा केली.

“एवढ्यात कुत्रंही जगत नाही,” मामी दारातून म्हणाली. मग जीभ चावून म्हणाली, “म्हणजे, आमच्याकडे तिला काही कमी नाही. पण दोन खोल्या आहेत. पुढच्या महिन्यात माझी आई येणार.”

“वैनी, मी काय म्हणतो ते ऐका,” बाबा म्हणाले, पण बोलले आईशीच. “वकील मले म्हणे, बाईचं काही नाही. तिले नोकरी लागली, बंद. तिनं दुसरं लग्न केलं, बंद. पण पोरीचं तिच्या लग्नापर्यंत चालते. अन् मंग ते लग्न. हा रकाना असा बसला ना, की बसला जन्माचा.”

आई पेन्सिलीचं टोक पाहत होती. “मला नोकरी लागलीय,” ती म्हणाली.

“कधी?”

“परवा पत्र आलं. नागपूरला. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे, हिशेबाला. वसतिगृहात जागाही मिळतेय.”

हे मामालाही माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

“मंग पोरगी?” बाबांनी विचारलं.

“तिथं मुलं ठेवत नाहीत.”

“मी कुठं ठेवू? मी सकाळी अकोट, दुपारी तेल्हारा. दुकानात दिवसभर मिस्त्री लोक. वयात आलेली पोरगी.”

“मी दुकानात राहीन,” मी म्हटलं. “ताट्या भरीन. मला येतात.”

“ते उन्हाळ्यात, माय,” बाबा म्हणाले. “आता ऑगस्ट हाये.”

 मामा पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, पण तो पानही उलटत नव्हता. आईनं फॉर्म पुढं ओढला आणि वाचलं, “अपत्य सध्या कोणाकडे राहते. नाव, पत्ता व नाते.” मग तिनं मान वर केली. बाबांकडे नाही, माझ्याकडेही नाही, मध्ये कुठंतरी पाहिलं. “माझ्याकडे लिहिलं, तर खर्च लिहावा लागेल. तुमच्याकडे लिहिलं, तर तुम्हांला लिहावा लागेल.”

“विमलताईकडे लिव,” बाबा म्हणाले.

विमलआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. रिसोडला असायची. काका तलाठ्याच्या हाताखाली होते, मुली लग्न होऊन गेलेल्या.

“त्या हो म्हणतील?” आईनं विचारलं.

“ईचारतो ना आत्ताच.”

बाबा अंगणात गेले. खिशातला मोबाइल काढून त्यांनी कानाला लावला. मला खिडकीतून दिसत होतं. ते बोलले, मान हलवली, पायानं तुळशीपाशी पडलेली वीट सरळ केली, पुन्हा बोलले. आई पेन्सिलीला टोक काढत होती. टोक झालेलं होतं, तरी काढत होती. बाबा आत आले.

“ताई हो म्हणाली. पाठवून द्या म्हणे. तिलेही सोबत होईल.”

“बरं,” आई म्हणाली. “पण हिचं काढलं तर मला तुमचे सात चालणार नाहीत. दहा लिहीन.”

“लिव दहा,” बाबा म्हणाले. एवढ्या लवकर त्यांनी कधीच कुठली रक्कम मान्य केली नव्हती.

आईनं हात पुढं केला. मी खोडरबर दिलं. तिनं दोन्ही कागदांवरचे सात पुसून दहा केले. मग माझा रकाना घेतला. शिक्षण, प्रवास, आहार, औषधोपचार, इतर, सगळं पुसलं, आणि त्या पुसट जागेवर दोन्हीकडे, एकाच वळणाच्या अक्षरात, लिहिलं: ‘निरंक’. मग माझ्या नावापुढं आत्याचं नाव, गाव, गल्ली, पिन कोड. पिन कोड तिला पाठ होता.

दोन्ही कागद शेजारी ठेवून तिनं वरपासून खालपर्यंत पेन्सिल फिरवली. ओठ हलत होते. शेवटी तिनं खाली दोन आडव्या रेघा मारल्या, मार्चअखेर मारायची तशा.

“जुळलं,” ती म्हणाली.

“चाला, झालं एकदाचं,” बाबा म्हणाले. त्यांनी जिलबीचा पुडा सोडला आणि पहिला वेढा माझ्या हातात ठेवला. “खाय माय.”

मी खाल्ला. मामीनं बशा आणल्या. सगळ्यांनीच खाल्ली. आईनं एक वेढा कागदात बांधून माझ्यासाठी प्रवासाला ठेवला. माझे कपडे घडी करून ठेवलेलेच होते, हे पाहून ती म्हणाली, “अरे वा, तयारीही झाली!” तिला बरं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला रिसोडच्या गाडीत बसवलं. आईनं पत्त्याची चिठ्ठी दप्तराच्या आतल्या कप्प्याला पिनेनं लावून दिली होती. कंडक्टर म्हणाला, पोरीचं वय काय? बाबा म्हणाले, बारा पूर्ण व्हायचं आहे, अर्धं द्या. मी तेरा वर्षांची होते. मी सीटवर जरा खाली सरकले. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि अर्धं फाडलं. “लक्ष ठेवा,” बाबा त्याला म्हणाले, आणि खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवून उतरून गेले. गाडी सुटेपर्यंत थांबले नाहीत. तेल्हाऱ्याला एकजण वाट पाहत होता.

पातूरच्या घाटात मी जिलबी खाल्ली. मालेगावला एक बाई शेजारी बसली आणि म्हणाली, सुट्टीला चालली का? मी हो म्हटलं.

आत्याची गल्ली मी चिठ्ठी दाखवत दाखवत शोधली. आत्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. मग माझ्या मागं पाहिलं. रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मागं कोणी नव्हतं. सूप तसंच मांडीवर ठेवून ती बराच वेळ माझ्या पिशवीकडे पाहत राहिली.

“जेवली का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“चप्पल आत काढ. इथं कुत्रं नेते.”

काकांनी रात्री विचारलं, “किती दिवस?” आत्या म्हणाली, “वाढा तिला, भात वाढा.” त्यांनी वाढला. पुन्हा त्या घरात तो प्रश्न कोणी विचारला नाही. मी तिथं दहावी केली, बारावी केली, तिथूनच लग्न होऊन गेले. लग्नाला आई नागपूरहून आली, बाबा अकोल्याहून आले. दोघांनी मिळून एकच पाकीट दिलं. पाकिटावर अक्षर आईचं होतं.

निकालाची हकिकत मामा पुढं कितीतरी वर्षं सांगायचा. साहेबांनी म्हणे दोन्ही कागद हातात घेऊन चष्म्यातून पाहिले आणि म्हणाले, दोन्ही पक्षांचं सांगणं इतकं तंतोतंत जुळलेलं माझ्यासमोर फार कमी वेळा येतं, असे पक्षकार असले तर आमचं काम किती हलकं होईल. पहिल्याच तारखेला आटोपलं. वकिलांनी एकमेकांना टाळी दिली. कोर्टाच्या बाहेर आईबाबांनी एकाच गाडीवर उसाचा रस घेतला. मामा ही गोष्ट सांगताना फार हसायचा, आणि शेवटी प्रत्येक वेळी म्हणायचा, “काहीही म्हणा, दोघांचं डोकं एकसारखं.”

विमलआत्याकडे तेव्हा फोन नव्हता, आणि हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.